समुद्रपक्ष्यांतील पिल्लांचे संगोपन : गोव्याचा किनारा

समुद्रावर उपजीविका करणाऱ्या पक्ष्यांची पिल्ले वाढविण्याची रीत. हिवाळ्यात मोरजी, गालजीबाग येथील वाळूवर उतरणारे कुरव (गल पक्षी) गोव्यात वीण करीत नाहीत. सुरयही (टर्न पक्षी) बहुतेक पाहुणेच. त्यामुळे या संगोपनाची अखेर तेवढी येथे पाहावयास मिळते.

मोठा तुरेवाला सुरय उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडे घालतो. थोडी मोठी झालेली पिल्ले एकत्र जमतात. त्या गर्दीत पालक आवाजावरून आपले पिल्लू ओळखतो आणि चोचीत आडवा धरलेला मासा त्यालाच देतो. पिल्लू ३८–४० दिवसांत उडू लागते. पण वरून सूर मारून मासा पकडणे कठीण असल्याने पुढेही सुमारे चार महिने पालक त्याला भरवतात. मोरजीला मान आखडून चिरक्या आवाजात मासा मागणारा, आईबापाएवढाच दिसणारा सुरय हे याच टप्प्यातले पोर होय.

गोव्याच्या उत्तरेस वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटांवर ब्रायडल्ड टर्न या सुरयाची वीण होते. तो दूरवर चरत असल्याने मासा चोचीत न आणता गिळून आणतो व पिल्लापुढे ओकतो. तेथील विणीच्या काळाबाबत मात्र घोळ आहे. पक्षीअभ्यासक ए. ओ. ह्यूम फेब्रुवारी १८७५ मध्ये तेथे गेले, तेव्हा त्यांना सुरयांची वाळलेली कलेवरे आढळल्याची नोंद आहे. केवळ अशा अवशेषांवरून महिना ठरविणे धोक्याचे. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंतचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. अन्य जातींविषयी अशीच सावधगिरी बाळगावी.

गोव्यातच पिल्ले वाढविणारा समुद्री गरुड, कोकणातील काकण, हा रूढार्थाने समुद्रपक्षी नव्हे. पण समुद्रावर पोसला जात असल्याने त्याचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. उंच झाडावरील काटक्यांच्या घरट्यात दरवर्षी भर पडते. अंडी बहुधा दोन. ती सुमारे सहा आठवडे, मुख्यतः मादी उबवते. नर मासे व समुद्रसर्प आणतो, मादी त्यांचे लचके तोडून पिल्लाच्या चोचीत देते. दोन्ही पिल्ले निघाली तरी अनेकदा एकच जगते. दुसरे अंडे राखीव, म्हणजे पहिले वाया गेल्यास उपयोगी पडावे म्हणून असते, या मताकडे आज बहुतेकांचा कल दिसतो. पिल्लू ७०–८० दिवसांत घरटे सोडते. तोवर झाडाखाली पडलेले माशांचे काटे आणि समुद्रसर्पांचे मणके पाहून वर काय भरवले जात आहे ते कळते.