ओघळ, ओहोळ आणि वढा

सातारा जिल्ह्यातील माण-खटावच्या माळावर वळवाचा पाऊस कोसळला की उतारावरच्या मुरमात बोटभर रुंदीच्या चऱ्या पडतात आणि त्यांतून तांबूस पाणी खाली धावू लागते. ही ओघळ. अशा ओघळी एकत्र येऊन ओहोळ होतो आणि ओहोळ मिळून ओढा, ज्याला गावात ‘वढा’ म्हणतात.

‘ओहोळ’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘ओघ’ म्हणजे वाहता लोंढा, या शब्दाशी जोडले जाते. प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘घ’चा ‘ह’ होतो, जसा ‘मेघ’चा ‘मेह’. त्याच नियमाने ‘ओघ’चा ‘ओह’ होतो आणि पुढे ‘ळ’ लागतो. मूळ ‘ओघ’ही मराठीत टिकून आहे, ‘ओघाने आले’ असे म्हणताना आपण पाण्याची चाल बोलण्याला लावतो. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीत, नवव्या अध्यायात, गंगेला मिळण्यापूर्वीच्या लहान प्रवाहांसाठी ‘वहाळ’ आणि ‘वोहळ’ हे शब्द जोडीने येतात. त्यातला आरंभीचा ‘वो’ पाहिल्यावर, ओठाला ‘व्हट’ आणि ओढ्याला ‘वढा’ म्हणणाऱ्या माणसाचा उच्चार अशुद्ध ठरवणे मला मुळीच पटत नाही.

‘नाला’ची गोष्ट वेगळी आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘नाल’ म्हणजे पोकळ देठ. नळ आणि नळी त्याच कुळातले. शहरात हा शब्द सांडपाण्याला चिकटला आणि कित्येक चांगले ओढे नाव बदलताच गटारे मानले गेले, हे फार वाईट झाले.

प्रवाहांची अशी चढती प्रतवारी भूशास्त्रातही आहे. रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ साली मांडलेली आणि आर्थर स्ट्रॅलर यांनी १९५२ साली सुधारलेली ही पद्धत सांगते की ज्याला एकही उपप्रवाह मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा, असे दोन मिळाले की दुसऱ्या श्रेणीचा, आणि दुसऱ्या श्रेणीचे दोन मिळाले की तिसऱ्या श्रेणीचा. मात्र मोठ्या प्रवाहाला लहान येऊन मिळाला तर श्रेणी वाढत नाही. खटाव तालुक्यात उगम पावून सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळणारी येरळा अशाच असंख्य ओघळींवर पोसली जाते.

उन्हाळ्यात ओढा कोरडा पडतो, तरी खडकावर साठलेल्या वाळूच्या थरात पाणी मुरलेले असते. तिथे हातभर वाळू उकरली की खळग्यात हळूहळू पाणी झिरपून जमते. त्या खळग्याला ‘झरा’ म्हणतात आणि त्यातले नितळ पाणी वाटीने घागरीत भरतात.