एपस्टीन, ब्रायन सॅम्युएल

(१९ सप्टेंबर १९३४ – २७ ऑगस्ट १९६७). ब्रिटिश संगीत व्यावसायिक, ‘बीटल्स’ या बँडचे व्यवस्थापक आणि ‘नेम्स एंटरप्रायझेस’ या कंपनीचे संस्थापक. कलावंताचे कार्यक्रम ठरवून देण्यापुरते मर्यादित असलेले व्यवस्थापकाचे काम त्यांच्या कारकिर्दीत ध्वनिमुद्रण, प्रकाशन, चित्रपट, परदेश दौरे आणि सार्वजनिक प्रतिमा यांपर्यंत विस्तारले. ही कारकीर्द जेमतेम सहा वर्षांची आहे.

एपस्टीन यांचा जन्म लिव्हरपूलमधील ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. आजोबा लिथुएनियातून आलेले. त्यांनी शहरात फर्निचरचे दुकान काढले. पुढे शेजारचे ‘नॉर्थ एंड म्युझिक स्टोअर्स’ हे वाद्यांचे दुकानही कुटुंबाने घेतले आणि त्याच्या आद्याक्षरांवरून ‘नेम्स’ हे नाव रूढ झाले. ब्रायन यांचे शिक्षण अनेक शाळांतून तुटकपणे झाले व सोळाव्या वर्षी थांबले. पोशाखांचे आरेखन शिकण्याची इच्छा वडिलांनी मोडून काढली. सक्तीच्या लष्करी सेवेतून वैद्यकीय कारणाने मुदतीपूर्वी सुटका झाली, तर लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमधील अभिनयाचा अभ्यासक्रम (१९५६–५७) त्यांनी अर्ध्यावर सोडला. चरित्रकार या वर्षांकडे बहुधा अपयशांची मालिका म्हणून पाहतात. परंतु रंगमंचावरचा प्रवेश, प्रकाश, पोशाख आणि शेवटचे अभिवादन यांविषयीची त्यांची पुढची काटेकोर दृष्टी याच काळात घडली असावी.

नेम्सच्या तबकड्यांच्या विभागात मात्र त्यांचा जम बसला. लिव्हरपूलमधील व्हाइटचॅपल रस्त्यावरचे दुकान त्यांच्या देखरेखीखाली उत्तर इंग्लंडमधील तबकड्यांच्या मोठ्या दुकानांत गणले जाऊ लागले. साठा संपत आला की कळावे म्हणून प्रत्येक तबकडीच्या कप्प्याला त्यांनी रंगीत दोरा जोडला होता. दोरा सैल लोंबताना दिसला की नवी मागणी नोंदवायची. गिऱ्हाइकाने मागितलेली तबकडी दुकानात नसेल तर ती कुठूनही मिळवून द्यायची, हाही त्यांचा नियम होता.

*बीटल्सशी प्रथम परिचय.* हा एपस्टीन यांच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ते सांगतात, की शनिवार, २८ ऑक्टोबर १९६१ रोजी एका तरुण गिऱ्हाइकाने ‘माय बॉनी’ ही जर्मनीत निघालेली तबकडी मागितली आणि तेव्हाच बीटल्स हे नाव आपण पहिल्यांदा ऐकले. (हॅम्बुर्ग येथे मुद्रित झालेल्या या तबकडीवर मुख्य गायक टोनी शेरिडन असून बीटल्सचा उल्लेख ‘बीट ब्रदर्स’ असा होता.) या हकिगतीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप ‘मर्सी बीट’ या स्थानिक पत्राचे संपादक बिल हॅरी यांचा. जुलै १९६१ मध्ये सुरू झालेले हे पत्र नेम्सच्या दुकानात विकले जाई, त्याच्या दुसऱ्याच अंकात पहिल्या पानावर बीटल्सविषयी मजकूर होता आणि ऑगस्टपासून खुद्द एपस्टीन त्यात नव्या तबकड्यांवर स्तंभ लिहीत होते. तेव्हा हे नाव त्यांच्या नजरेआड राहणे हॅरी यांना असंभव वाटते. दुसरा आक्षेप एपस्टीन यांचे सहायक ॲलिस्टर टेलर यांचा. मागणीवहीत ते गिऱ्हाइकाचे नाव आपणच बनवून लिहिले, असे टेलर यांनी कालांतराने सांगितले. मात्र पुढे संशोधकांनी त्या गिऱ्हाइकाचा शोध लावला व त्यानेही मागणी केल्याला दुजोरा दिला. त्यामुळे टेलर यांचे म्हणणे आता फारसे स्वीकारले जात नाही. हॅरी यांचा आक्षेप तितक्या सहज बाजूला सारता येत नाही. नाव आधी डोळ्यांखालून गेलेले असावे, पण दुकानदाराच्या दृष्टीने त्याला अर्थ आला तो गिऱ्हाइकाने पैसे मोजायची तयारी दाखवल्यावर, असे मानल्यास दोन्ही हकिगतींची सांगड बसते. ९ नोव्हेंबर १९६१ रोजी दुपारी एपस्टीन व टेलर यांनी लिव्हरपूलमधील कॅव्हर्न क्लबच्या तळघरात बीटल्सचा कार्यक्रम पाहिला, याविषयी मतभेद नाही.

*करार.* पहिला व्यवस्थापन करार २४ जानेवारी १९६२ रोजी झाला. त्यावर बँडमधील चौघांच्या सह्या आहेत, एपस्टीन यांची नाही. आपल्याला काही करून दाखवता आले नाही तर या मुलांना मोकळे होता यावे, म्हणून सही केली नाही, असा खुलासा त्यांनी नंतर केला. शिवाय त्या काळी इंग्लंडमध्ये एकविसाव्या वर्षापर्यंत व्यक्ती सज्ञान मानली जात नसल्याने पालकांच्या संमतीविना हा कागद कायद्याने कच्चाच होता. १ ऑक्टोबर १९६२ च्या दुसऱ्या करारात ही त्रुटी दूर झाली. त्यावर बँडचे सदस्य पॉल मॅकार्टनी व जॉर्ज हॅरिसन यांच्या वडिलांच्याही सह्या आहेत. मुदत पाच वर्षांची होती. व्यवस्थापकाचे कमिशन पहिल्या करारात मिळकतीनुसार १० ते १५ टक्के होते. दुसऱ्या करारात ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकत होते. लॅरी पार्न्स हे त्यांच्या आधीचे नामवंत ब्रिटिश व्यवस्थापक आपल्या गायकांना पगारावर ठेवत. त्या तुलनेत एपस्टीन यांची रचना कलावंताला अधिक न्याय्य होती.

*ध्वनिमुद्रण कंपनीचा शोध.* डेक्का कंपनीने १ जानेवारी १९६२ रोजी लंडनमध्ये बीटल्सची चाचणी घेतली (नववर्षदिनाची सुटी इंग्लंडमध्ये तेव्हा नसे). पंधरा गाणी मुद्रित झाली, पण कंपनीने नकार दिला. गिटारवाल्या बँडचे दिवस संपले, असे डेक्काचे डिक रो आपल्याला म्हणाल्याचे एपस्टीन लिहितात. रो यांनी ते अखेरपर्यंत नाकारले. याच रो यांनी १९६३ मध्ये जॉर्ज हॅरिसन यांच्या शिफारशीवरून रोलिंग स्टोन्सना करारबद्ध केले.

त्यानंतरचा ईएमआय या दुसऱ्या ध्वनिमुद्रण कंपनीपर्यंतचा प्रवास वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये एपस्टीन यांनी चाचणीच्या फितीवरून तबकड्या कापून घेण्यासाठी लंडनच्या ऑक्सफर्ड रस्त्यावरील एचएमव्हीचे दुकान गाठले. तिथल्या तंत्रज्ञाने त्यांची गाठ त्याच इमारतीतील ‘आर्डमोर अँड बीचवुड’ या ईएमआयच्या संगीतप्रकाशन शाखेशी घालून दिली आणि शाखाप्रमुख सिड कोलमन यांच्यामार्फत ते १३ फेब्रुवारीला ईएमआयच्या पार्लोफोन या विभागाचे जॉर्ज मार्टिन यांना भेटले. रूढ कथेनुसार मार्टिन यांनी या बँडमधील चमक ओळखली, ६ जूनला चाचणी घेतली व मग करार केला. इतिहासकार मार्क लुइसन यांनी २०१३ मध्ये वेगळा क्रम मांडला. त्यांच्या मते मार्टिन यांना फेब्रुवारीत विशेष काही वाटले नव्हते. बँडमधील जॉन लेनन व मॅकार्टनी यांच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क हवे असलेल्या प्रकाशन शाखेने रेटा लावला आणि वरिष्ठांनी हे काम मार्टिन यांच्या गळ्यात घातले. करारपत्रावरील तारीख ४ जून, म्हणजे ‘चाचणी’च्या दोन दिवस आधीची आहे. मार्टिन यांच्या आठवणी मात्र बव्हंशी बऱ्याच वर्षांनंतरच्या. कागदपत्रांचा कौल लुइसन यांच्या बाजूने पडतो. ही मांडणी ग्राह्य धरल्यास एपस्टीन यांच्या चिकाटीचे श्रेय कमी होत नाही, उलट वाढते. एकाच कंपनीची तीन दारे ठोठावून जे पदरात पडले, ते एका दिवसाच्या चाचणीवर अवलंबून नव्हते. कराराच्या अटी तुटपुंज्या होत्या: तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एका प्रतीमागे एक जुना पेनी. पहिली तबकडी ५ ऑक्टोबर १९६२ रोजी निघाली व ब्रिटिश यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत गेली. नेम्सनेच तिच्या दहा हजार प्रती विकत घेतल्याचे वारंवार सांगितले जाते, पण त्याला भक्कम पुरावा नाही.

*कार्यपद्धती.* चामडी जाकिटांच्या जागी सूट आले, गाण्यांचा क्रम आधी ठरू लागला, रंगमंचावर खाणे, धूम्रपान व शिवीगाळ बंद झाली, आणि शेवटी चौघांनी एकदम वाकून अभिवादन करण्याची प्रथा पडली. कार्यक्रमांचे तपशील ते टंकलिखित करून प्रत्येकाच्या हाती देत. ही तडजोड होती असे लेनन पुढे म्हणत. मॅकार्टनी यांच्या मते त्यात जबरदस्ती नव्हती. अप्रिय कामेही एपस्टीन यांच्याच वाट्याला आली. १६ ऑगस्ट १९६२ रोजी ढोलवादक पीट बेस्ट यांना काढल्याचे त्यांनीच आपल्या कार्यालयात बोलावून सांगितले. बाकी तिघांपैकी कोणी तिथे नव्हते.

अमेरिकेतील प्रवेशाच्या वेळी त्यांचे कौशल्य सर्वाधिक दिसते. नोव्हेंबर १९६३ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी एड सुलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील तीन सहभाग मिळून १०,००० डॉलरना ठरवले. रक्कम त्या कार्यक्रमाच्या मानाने लहान होती. बदल्यात त्यांनी यादीत पहिले स्थान मागून घेतले. ९ फेब्रुवारी १९६४ चे प्रक्षेपण सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिले.

आर्थिक बाबतीत त्यांच्यावर होणारी टीका मुख्यतः दोन व्यवहारांवरून होते. बीटल्सच्या पहिल्या चित्रपटासाठी त्यांनी नफ्यात साडेसात टक्के मागितले, तर निर्माते २५ टक्क्यांपर्यंत जायला तयार होते असे सांगितले जाते. दुसरा व्यवहार अधिक महागात पडला. बीटल्सच्या नावाने खेळणी, केसांचे टोप व कपडे विकण्याचे परवाने देण्याचा हक्क ‘सेल्टाएब’ कंपनीला ९० टक्के वाट्यावर गेला व नेम्सकडे १० टक्के उरले. वाटा नंतर वाढवून घेतला गेला, पण अमेरिकेतील दावे १९६७ पर्यंत चालले. नुकसानीचे जे आकडे दिले जातात ते अंदाजच आहेत. पॉप कलावंताच्या नावाच्या वस्तूंचा असा बाजार ब्रिटनमध्ये तोवर कोणी पाहिला नव्हता, हा बचाव बहुतांशी योग्य आहे. तथापि अमेरिकेत १९५६ मध्येच एल्विस प्रेस्ली यांच्या नावाने तो उभा राहिला होता, त्यामुळे चौकशी करायला वाव होता. ईएमआयच्या करारातील पेनीचा दर मात्र नवख्यांना मिळे तसाच होता. त्याचा दोष एकट्या एपस्टीन यांना देणे अन्यायाचे आहे.

नेम्सच्या इतर कलावंतांत गेरी अँड द पेसमेकर्स (पहिल्या तिन्ही तबकड्या ब्रिटनमध्ये अव्वल), बिली जे. क्रेमर व सिला ब्लॅक हे प्रमुख होत. लंडनचे सॅव्हिल थिएटरही त्यांनी चालवले.

*अखेर.* ऑगस्ट १९६६ मध्ये बीटल्सचे दौरे थांबले आणि एपस्टीन यांचे रोजचे कामच हातून गेले. ते समलिंगी होते. इंग्लंडमध्ये तो जुलै १९६७ पर्यंत गुन्हा होता, आणि त्या भीतीखाली त्यांचे सारे प्रौढ आयुष्य गेले. निद्रानाश व गोळ्यांचे व्यसन वाढत गेले. जुलै १९६७ मध्ये वडील वारले. २७ ऑगस्ट १९६७ रोजी लंडनमधील घरी ते मृतावस्थेत आढळले. बीटल्स तेव्हा वेल्समधील बँगोर येथे महर्षी महेश योगींच्या शिबिरात होते. मृत्यू औषधाच्या अतिमात्रेने, अपघाताने झाला, असा निर्णय चौकशीत देण्यात आला. आत्महत्येचा तर्क अधूनमधून मांडला जातो, पण मात्रा साचत गेल्याचा वैद्यकीय निष्कर्ष त्याला अनुकूल नाही. २०१४ मध्ये त्यांचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला आणि २०२२ मध्ये लिव्हरपूल येथे पुतळा उभारण्यात आला.

व्यवस्थापन कराराची पाच वर्षे १९६७ च्या शरद ऋतूत संपणार होती. जानेवारी १९६७ मध्ये ईएमआयशी झालेल्या नव्या करारात मात्र रॉयल्टी आधी नेम्सकडे यावी व तीतून २५ टक्के कापून घ्यावेत, अशी नऊ वर्षांची तरतूद होती. ती बँडला नीट समजावून दिली गेली का, यावर एकमत नाही. चौघांनी सही केली होती, एवढे निश्चित. १९६९ मध्ये नेम्स एका गुंतवणूक कंपनीच्या हाती गेल्यावर याच कलमावरून वाद पेटला. अमेरिकी व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांना बीटल्सच्या कारभारात पाय रोवायला त्याने वाव दिला. मोठी रक्कम देऊन तो वाद मिटवण्यात आला, परंतु क्लाइन यांना तिघांची संमती व मॅकार्टनी यांचा विरोध असल्याने फूट वाढत गेली आणि ३१ डिसेंबर १९७० रोजी भागीदारी मोडण्यासाठी मॅकार्टनी यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला.