मर्सी बेटावरचं टेकाड आणि त्यातल्या जळक्या हाडांची गोष्ट

इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्याला चिकटून मर्सी नावाचं बेट आहे, मोठी भरती आली की तिथे जाणारा रस्ताच पाण्याखाली जातो. त्या बेटावर मातीचं एक मोठं टेकाड आहे, जवळपास 7 मीटर उंच आणि 34 मीटर रुंद. आत डेन्मार्कहून आलेल्या योद्ध्यांना पुरलंय असं गावातले लोक सांगायचे. 1912 मध्ये सॅम्युअल हॅझलडीन वॉरन यांनी बाजूने चर खणत टेकाडाच्या पोटात शिरून बघितलं, तर निघाली रोमन काळातली कबर, इसवी सन 100 ते 120 च्या आसपासची.

रोमन कौलं रचून केलेला छोटासा कप्पा, त्यात शिशाची पेटी, तिच्यावर लाकडी फळ्या, पेटीत हिरवट काचेची बरणी आणि बरणीत जळलेली हाडं. मूठभर हाडांसाठी एवढी माती वाहून आणली म्हणजे माणूस बडा असणार, यात मला तरी शंका वाटत नाही. मेलेल्याला शहराच्या हद्दीत पुरायचं किंवा जाळायचं नाही असा रोमन लोकांचा फार जुना कायदा होता, त्यामुळे त्यांच्या कबरी गावाबाहेर, रस्त्याकडेला असायच्या. पण असली उंच टेकाडं मुख्यतः आग्नेय इंग्लंड आणि बेल्जियमच्या पट्ट्यात दिसतात, म्हणजे रोमन राज्यात राहूनही तिथल्या श्रीमंतांनी आपली वेगळी पद्धत ठेवली होती.

रोमन लोक चिता विझली की त्यावर वाइन शिंपडायचे आणि मग घरचे लोक हाडं वेचायचे, आपल्याकडे राख सावडतात ना, तसंच.

आता जळलेल्या हाडांवरून काय कळणार असं वाटेल, पण बरंच कळतं. हाड कमी तापलं तर काळं पडतं, अजून तापलं तर निळसर-राखाडी होतं आणि साधारण 600 अंशांच्या वर पांढरंफटक होतं, म्हणजे चिता किती पेटली होती हे रंगच सांगतो. मर्सीची हाडं शंभर वर्षांनी हाडांच्या तज्ज्ञ जॅकलिन मॅकिन्ली यांनी तपासली. ती 35 ते 45 वयाच्या पुरुषाची निघाली, आणि त्याला डिश नावाचा आजार होता, यात मणक्यावर मेणबत्तीचं मेण ओघळल्यासारखं जादा हाड वाढतं. आजच्या पेशंटमध्ये हा आजार लठ्ठपणा आणि डायबिटीसबरोबर बऱ्याचदा दिसतो, म्हणून खाऊनपिऊन सुखी माणूस असावा असा अंदाज करता येतो, पण तो अंदाजच.

हाडांना काहीतरी चिकट लागलेलं होतं. ब्रॅडफर्ड युनिव्हर्सिटीच्या टीमने त्याचे रेणू वेगळे करून ओळखले तर तो होता अस्सल अरबी धूप! चितेवर टाकला असता तर जळून गेला असता, म्हणजे हाडं वेचून झाल्यावर त्यांच्यावर घातलेला. हा डिंक येतो दक्षिण अरबस्तान आणि सोमालियाकडच्या झाडांपासून (आपल्या सातपुड्यातली साळई याच जातकुळीतली), तिथून लाल समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र करत पार ब्रिटनच्या टोकाला. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक पुस्तकात धूपाची ही बंदरं आहेत आणि त्याच सागरी व्यापारातली आपली कल्याण-सोपाराही आहेत. एका माणसाच्या अंत्यविधीसाठी केवढा प्रवास झालाय बघा!

हे सगळं कळलं कारण 1912 ची हाडं नीट जपून ठेवली होती. इंग्लंडमधल्याच बार्टलो इथल्या रोमन काळातल्या टेकाडांच्या नशिबी हे नव्हतं. तिथलं सर्वात मोठं टेकाड तर जवळजवळ 13 मीटर उंच आहे. 1830 च्या दशकात जॉन गेज यांनी तिथे खणलं तेव्हा काचेची भांडी, मीनाकाम केलेलं कांस्य पात्र, लोखंडी घडीचं स्टूल असा अफाट ऐवज निघाला, त्यातल्या काही पदार्थांची तपासणी तर खुद्द मायकेल फॅरेडे यांनी केली. पण 1847 मध्ये ईस्टन लॉज या हवेलीला आग लागली आणि तिथे ठेवलेला बहुतेक ऐवज त्यात गेला, त्याची हळहळ आजही वाटते.

तीव्र आगीत डीएनए टिकत नाही हे खरं, पण पूर्ण भाजलेल्या हाडावर आता कार्बन डेटिंग (म्हणजे त्यातल्या कार्बनवरून वय काढणं) होतं, आणि खाण्यापिण्यातून हाडात उतरणाऱ्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून तो माणूस स्थानिक होता की बाहेरून आलेला याचाही माग काढता येतो.