इंग्रजी विकिपीडियावरचे ते बटण दुसऱ्या भाषेत का सापडत नाही?

इंग्रजी विकिपीडियावर सराईतपणे काम करणारा माणूस दुसऱ्या भाषेच्या विकिपीडियावर आला की बऱ्याचदा चाचपडतो. खोडसाळ बदल उलटवून त्या सदस्याला लगेच ताकीद पाठवणारे ‘ट्विंकल’ दिसत नाही. बातमीचा दुवा चिकटवला की संदर्भ आपोआप तयार व्हायचा, तोही होत नाही. छोट्या भाषांच्या माथी जुने सॉफ्टवेअर मारले असावे, असा संशय येतो. तसे मुळीच नाही. तीनशेहून अधिक भाषांतले विकिपीडिया ‘मीडियाविकी’ या एकाच सॉफ्टवेअरवर चालतात आणि त्यातल्या सुधारणा सगळ्यांपर्यंत जवळपास एकाच वेळी पोहोचतात.

फरक पडतो तो त्याच्या वरच्या थरात. प्रत्येक भाषेचा डेटाबेस वेगळा, प्रचालक (म्हणजे जादा अधिकार असलेले संपादक) वेगळे, नियम वेगळे. शिवाय संपादक ज्यांना ‘साधने’ म्हणतात त्यांतली बरीचशी मीडियाविकीत नसतातच. माहितीचौकटीचे साचे (लेखाच्या कडेला माहितीचा तक्ता दाखवणारे तयार नमुने), त्यांच्यामागची लुआ या प्रोग्रामिंग भाषेतली मॉड्यूल्स म्हणजे कोडचे तुकडे, जावास्क्रिप्टमधली गॅजेट्स म्हणजे जादा बटणे व सोयी हे सगळे स्वयंसेवकांनी लिहून त्या त्या विकीच्याच पानांवर ठेवलेले असते, लेख ठेवावेत तसे. त्यामुळे इंग्रजी विकीवरचा साचा मराठी किंवा तमिळ विकीला थेट वापरता येत नाही. त्याची नक्कल आणावी लागते.

आणि नक्कल हे वाटते तितके सोपे काम नाही. एक माहितीचौकट आणायला जावे, तर ती आणखी दहा साच्यांवर विसंबलेली निघते, ते साचे मॉड्यूल्सवर, मॉड्यूल्स दुसऱ्या मॉड्यूल्सवर. सगळे आणले तरी रकान्यांची नावे इंग्रजीच राहतात. मग अंकांची अडचण. वय मोजणाऱ्या साच्यात कोणी जन्मवर्ष देवनागरीत १९४७ असे लिहिले, तर मीडियाविकीच्या गणिताला तो आकडा वाटतच नाही आणि पानावर लाल अक्षरांत चूक झळकते. ती टाळायची तर आधी अंक बदलून घेणारा वेगळा तुकडा जोडावा लागतो. एवढी खटपट करून साचा चालू होतो, तोवर मूळ साचा कोणीतरी सुधारलेला असतो. नक्कल मागेच राहते.

आपोआप संदर्भ तयार करणाऱ्या सेवेचेही असेच. सेवा सर्वांना सामाईक आहे. पण पुस्तकासाठी कोणता साचा वापरायचा, बातमीसाठी कोणता, लेखकाचे नाव कोणत्या रकान्यात जायचे, हे प्रत्येक विकीने स्वतः जुळवून द्यायचे असते. ते जुळवून देणारा माणूस मिळाला नाही, की बटण मुके राहते.

सगळे मनुष्यबळाच्या तुटवड्यावर ढकलणे मात्र बरोबर नाही. काही साधने त्या त्या विकीच्या संपादकांच्या समाजाने विचारपूर्वक नाकारलेली असतात, आणि नाकारण्यात मोठ्या भाषाच पुढे. २०१३च्या जुलैत इंग्रजी विकिपीडियावर यथादृश्य संपादक सर्वांसाठी सुरू झाला. कोड न लिहिता, समोर दिसेल तसे संपादन करण्याची ही सोय. जुन्या संपादकांना ती संथ आणि चुका करणारी वाटली. सप्टेंबरपर्यंत ती ‘ज्याला हवी त्याने चालू करावी’ अशी झाली. पुढच्या वर्षी जर्मन विकिपीडियावर तर उघड लढाई झाली. चित्रे दाखवणारी नवी सोय समाजाला नको होती, म्हणून एका प्रचालकाने विकीच्याच पानावरचा कोड बदलून ती बंद केली. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने ते पान प्रचालकांनाही बदलता येणार नाही असे कुलूपबंद केले. एवढा गदारोळ झाला, की २०१५ मध्ये फाउंडेशनला ही कुलपाची सोयच काढून टाकावी लागली.

भाषांतराच्या साधनाची कथा याहून मजेदार. ते २०१५ पासून टप्प्याटप्प्याने आले. कोणत्या भाषाजोडीला यांत्रिक भाषांतर मिळेल हे साधनामागच्या भाषांतर-इंजिनावर ठरते, हा झाला तांत्रिक भाग. पण इंग्रजी विकिपीडियाने कच्च्या यांत्रिक मजकुराच्या धास्तीने या साधनावरच बंधन घातले: किमान ५०० संपादने आणि ३० दिवसांची हजेरी असेल, तरच इंग्रजीत लेख प्रसिद्ध करता येतो. म्हणजे इथे अडवणूक इंग्रजीच्या दारात आहे.

खोडसाळपणा ओळखणाऱ्या यंत्रशिक्षणात भाषेचा स्वभावच आडवा येतो. २०१५ मध्ये आलेल्या ‘ओआरईएस’ या प्रणालीला प्रत्येक भाषेसाठी शिव्यांची यादी, शब्दकोश आणि माणसांनी ‘बरे-वाईट’ अशी खूण केलेली हजारो संपादने लागत. जिथे प्रत्ययामुळे एकाच शब्दाची पाच-पंचवीस रूपे होतात, तिथे नुसती यादी कितपत पुरणार? नंतरच्या काही मॉडेल्सनी शब्द वाचणेच सोडले. संदर्भ उडाले का, दुवे किती बदलले, अशा खुणांवरून ती अंदाज बांधतात, त्यामुळे छोट्या भाषांनाही चालतात. माझ्या मते छोट्या विकींना हेच सर्वांत जास्त उपयोगाचे आहे.

मग साचे एकाच ठिकाणी का ठेवत नाहीत? चित्रांसाठी २००४ मध्ये ‘कॉमन्स’ आले, तारखा-आकड्यांसारख्या सुट्या माहितीसाठी २०१२ मध्ये ‘विकिडेटा’. २०२३ मध्ये सुरू झालेले ‘विकिफंक्शन्स’ निदान गणिती कामे सामाईक करू पाहते. पण साचा सामाईक झाला, की तो बदलण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. मध्यवर्ती पानावर एका भाषेच्या संपादकाने केलेली चूक त्याच क्षणी शेकडो भाषांतल्या लेखांवर उमटेल. मोठ्या विकींना आपल्या पानांवरचा ताबा सोडायचा नसतो, आणि असे सामाईक साचे ज्यांना सर्वांत जास्त हवेत त्या छोट्या विकींकडे ती चर्चा लढवायला माणसे नसतात.