शरीफजी ते सरफोजी: एका दुर्मीळ नावाचा प्रवास

तंजावरच्या भोसले घराण्यातलं 'सरफोजी' हे नाव इतिहासाच्या पुस्तकात भेटतं, पण आजूबाजूला या नावाचा माणूस सापडणं मुश्कील. शहाजी, मालोजी, तुकोजी ही नावं अजून कानावर येतात. सरफोजी मात्र परकं वाटतं, म्हणून अनेकजण ते तमिळ किंवा तेलुगू नाव समजतात. प्रत्यक्षात त्याचं मूळ वेरूळ-अहमदनगरच्या मातीतलं आहे.

वेरूळचे मालोजीराजे भोसले निजामशाहीत सरदार होते आणि त्यांच्या पत्नी उमाबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूलबाळ नव्हतं, तेव्हा अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस बोलला गेला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. पुढे दोन मुलगे झाले आणि पिराचं नाव दोघांत वाटलं गेलं: थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'तही हे भाऊ शाह आणि शरीफ म्हणूनच येतात. 'शाह' फारसीत राजा. 'शरीफ' अरबी, अर्थ कुलीन, थोर. त्याला आपलं 'जी' लागलं आणि नाव मराठी झालं.

त्या काळच्या रिवाजात हे वेगळं नव्हतं. पिराजी, हैबतराव, दौलतराव ही नावंही याच वाटेने आली आणि अठरापगड जातींच्या घरांत रुळली. ज्याच्या कृपेने मूल झालं त्याचं नाव मुलाला द्यायचं, मग तो खंडोबा असो की पीर. मला ही सहजता फार मोलाची वाटते.

शरीफजींना आयुष्य थोडं लाभलं. 1624 साली भातवडीच्या लढाईत निजामशाहीकडून लढताना ते पडले. याच लढाईत मलिक अंबरने मुघल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला आणि शहाजीराजांचं नाव दख्खनभर झालं. थोरल्या भावाचा पराक्रम आणि पुढे पुतण्याचं स्वराज्य, यांत शरीफजी मागे पडले.

नाव मात्र घराण्याने जपलं. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तंजावरला गेले, तिथे राज्य स्थापलं आणि मुलांना तीच जोडी दिली: एक शहाजी, दुसरा शरीफजी. आजोबा आणि चुलत आजोबा पुन्हा एका घरात नांदू लागले. थोरल्याने 1684 ते 1712 राज्य केलं, त्याच्यामागून धाकटा 1712 ते 1728 गादीवर होता. हाच इतिहासातला पहिला सरफोजी.

शरीफजीचा सरफोजी कसा झाला, हे समजायला तमिळ लिपीकडे बघावं लागतं. तिच्यात 'फ'ला स्वतःचं अक्षर नाही. प, फ, ब, भ या सगळ्यांसाठी एकच अक्षर चालतं. शिवाय मालोजी, एकोजी, तुकोजी यांच्या चालीवर मधला 'ओ' आला. शरफोजी, सरफोजी, सरबोजी असं होत होत संस्कृत पंडितांच्या हाती ते 'शरभोजी' झालं, आणि इथे नावाला नवा अर्थच मिळाला. शरभ म्हणजे नरसिंहाला शांत करण्यासाठी शिवाने घेतलेलं रूप. तंजावरच्या परिसरात या रूपाची भक्ती जुनी आहे. कुंभकोणमजवळ दारासुरमच्या चोळकालीन ऐरावतेश्वर मंदिरात शरभाची मूर्ती आहे, आणि त्रिभुवनमच्या मंदिरातही शरभाचं स्थान आहे. अशा मुलखात पिराचं नाव शिवाच्या नावात अलगद मिसळलं. दरबारी ग्रंथांत राजा 'शरभेंद्र' झाला. तिथल्या वैद्यकावरचे तमिळ ग्रंथ आजही 'शरभेंद्र' नावानेच ओळखले जातात.

या नावाला खरी कीर्ती दिली दुसऱ्या सरफोजीराजांनी (1798–1832). दत्तक आलेल्या या राजाच्या हाती 1799 च्या तहानंतर कारभार जवळजवळ उरला नाही, तो ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. त्यांनी सगळं बळ विद्येत ओतलं. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देवनागरी छापखाना काढला. तिथे 1806 साली 'बालबोध मुक्तावली' हे इसापनीतीचं मराठी पुस्तक छापलं गेलं, तेही महाराष्ट्रात मराठी छपाई रुजण्याआधी. 1803 मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला, तोही त्यांनीच.

मुलाला हे नाव ठेवायची इच्छा असलेल्यांना माझं सांगणं असं, की 'शरभोजी'ला शैव अर्थ आहे आणि तो सुंदरही आहे, पण तो नंतर आला. अर्थ विचारणाऱ्याला आधी शरीफजी सांगावा, नगरचा पीर सांगावा, मग शरभ.