रॅप आलं म्हणजे हिप-हॉप आलं असं नाही

गणेशोत्सव जवळ आला की इंदूरमध्ये मराठी मंडळांच्या स्पर्धांची पत्रकं फिरू लागतात. नाट्यगीत, एकपात्री यांच्या खाली हल्ली 'रॅप/हिप-हॉप' असाही प्रकार दिसू लागलाय. सगळा घोळ त्या मधल्या तिरक्या रेघेत आहे. माइक घेऊन यमकं म्हणायची की डोक्यावर गरगर फिरायचं, हे अर्ज भरणाऱ्या मुलाला ठाऊक नसतं आणि परीक्षक काकांना तर नसतंच.

रॅप ही एक कला आहे: ठेका धरून, यमक जुळवत, बोलल्यासारखं म्हणणं. हिप-हॉप हा त्याच्याभोवतीचा अख्खा संसार आहे. त्यात रेकॉर्ड वाजवणारा डीजे येतो, माइकवरचा एमसी येतो, ब्रेकिंग नावाचा नाच करणारे येतात आणि भिंतींवर रंगाने नावं काढणारे ग्राफिटीवालेही येतात. लावणी म्हणजे अख्खा तमाशा नव्हे. गण, गौळण, बतावणी, वग असं सगळं मिळून फड उभा राहतो, आणि लावणी मात्र फडाबाहेर बैठकीतही रंगते. रॅपही तसंच बाहेर पडलंय. जाहिरातीत वाजतं, निवडणुकीच्या प्रचारात वाजतं. तिथे हिप-हॉप असेलच असं नाही.

बरं, या संसारात रॅप थोरलंही नाही. थोरला डीजे.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीतल्या रहिवाशांच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती, नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. गाणी वाजवायला तिचा १८ वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. कुटुंब मूळचं जमैकाचं.

हर्कने एक गोष्ट हेरली होती. गाणारा थांबतो, बाकीची वाद्यं गप्प होतात आणि नुसता ड्रम उरतो, त्या काही सेकंदांसाठी नाचणारी पोरं टपून बसलेली असतात. हाच तो 'ब्रेक'. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रांवर, ठेवायला सुरुवात केली. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू करायचा. तेवढ्यात पहिलीची सुई पुन्हा ब्रेकच्या तोंडाशी आणून ठेवायची. काही सेकंदांचा तुकडा असा मिनिटं-मिनिटं चालू लागला. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅशने रेकॉर्डवर क्रेयॉनने खूण करून ठेवली. तबकडी किती फेरे उलटी फिरवायची, हे ती खूण बघून कळायचं, अंदाजावर राहायचं काम उरलं नाही. आपल्याकडे वरातीपुढे 'डीजे' येतो तो स्पीकरांनी लादलेला ट्रक असतो. ब्राँक्सच्या त्या डीजेचं सगळं कसब बोटांत होतं.

या ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल. आणि रॅप? हर्कचा दोस्त कोक ला रॉक माइकवरून ओळखीच्यांची नावं घ्यायचा, पोरांना चेतवायचा. त्या पुकाऱ्यांना पुढे यमक आलं, मग कडवी आली.

रॅप आणि हिप-हॉपची फारकत झाली १९७९ मध्ये, 'रॅपर्स डिलाइट' या रेकॉर्डमुळे. रेकॉर्ड कंपनी चालवणाऱ्या सिल्व्हिया रॉबिन्सनने न्यू जर्सीतून तीन पोरं गोळा केली, त्यांना नाव दिलं शुगरहिल गँग. पाठीमागचा ठेका 'शिक' या बँडच्या गाण्याचा, तोही डीजेने नव्हे, स्टुडिओतल्या वादकांनी वाजवलेला. डीजे गेला, नाचाचं रिंगण गेलं, उरला आवाज. तोच दुकानांतून विकला गेला आणि जगाला वाटलं, हिप-हॉप म्हणजे एवढंच. त्यातल्या बिग बँक हँकने ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या ओळी वापरल्या. त्या इतक्या जशाच्या तशा की कॅझचं 'कॅसानोव्हा फ्लाय' हे टोपणनावसुद्धा अक्षरं सुटी करून हँकच म्हणतो! दुसऱ्याच्या ओळी उचलणं हे हिप-हॉपमधलं मोठं पाप, आणि रॅपचं पहिलं मोठं यश उभं राहिलं ते त्यावरच.

नाचातही घोळ आहेच. आरशासमोर आठ-आठच्या मोजणीत सिनेमाचं गाणं बसवतात, त्याला क्लासवाले हिप-हॉप म्हणतात. म्हणोत बापडे. ब्रेकिंगमध्ये समोरासमोर दोघं असतात आणि गाणं डीजे निवडतो. कोणतं वाजणार हे नाचणाऱ्याला आधी ठाऊक नसतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हाच प्रकार होता. जपानची अमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड यांना सुवर्णपदक मिळालं. पेनड्राइव्हवर आधी ट्रॅक मागवून ठेवणाऱ्या आपल्या आयोजकांनी त्या लढती एकदा बघाव्यात.

ग्राफिटीचं थोडक्यात सांगतो. स्वच्छतेच्या मोहिमेत इंदूरच्या भिंती रंगल्या, छान दिसतात, पण ती ग्राफिटी नव्हे. ती सांगून काढून घेतलेली चित्रं. न्यूयॉर्कच्या टाकी १८३ ने शहरभर नुसतं आपलं नाव आणि रस्त्याचा नंबर लिहिला, कुणाची परवानगी न घेता. हे हर्कच्या पार्टीच्याही आधीचं, म्हणून ग्राफिटीला या कुटुंबात धरायचं की नाही यावर जाणकारांचे अजून वाद आहेत.

राहता राहिली हिप-हॉपची 'संस्कृती'. ब्राँक्समधून रॉबर्ट मोझेस या बड्या सरकारी अधिकाऱ्याने द्रुतगती मार्ग काढला, हजारो कुटुंबं उठली, सत्तरच्या दशकात इमारतीच्या इमारती जळाल्या. अशा वस्तीतल्या पोरांनी घरातल्या जुन्या रेकॉर्डवर हे उभं केलं. टोळ्यांची खुन्नस रिंगणात नाचून किंवा माइकवर काढायची, ही रीत तिथली. ब्राँक्समधल्याच 'झुलू नेशन' या संघटनेने त्यात 'ज्ञान' हे पाचवं अंग जोडलं: आपण कुठले, आपली ही गत कशाने झाली, हे माहीत असणं. सोन्याच्या साखळ्या आणि लांबलचक गाड्या मागाहून आल्या, रेकॉर्डच्या बाजारातून. बायकांना हिणवणाऱ्या ओळींवर आजी चिडतात, ते रास्तच आहे. फक्त तो राग त्या रॅपरवर आणि त्याचा माल विकणाऱ्यावर काढावा. सुरुवातीची रिंगणं फार सोवळी होती असंही नाही म्हणा.

इंदूरच्या पोरांबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. राजवाड्याच्या मागे वाढलेला मुलगा माइक हातात आला की मुंबईच्या गल्लीतला होतो, नाहीतर पंजाबी ढंगात शिरतो. म्हणजे पुन्हा हँकचाच कित्ता! पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन तिथल्या वस्तीतल्या हिंदीतच रॅप करतो. आपलं हिंदी वळणाचं, मधेमधे 'भिया' पेरलेलं मराठी ऐकून पुण्याचे नातेवाईक हसतात. पण त्या मराठीत सोळा ओळी लिहिल्या तर त्या दुसऱ्या कुठल्या शहराला उचलता येणार नाहीत.