यशस्वी उद्योजकाचे स्वभावगुण

उद्योजकाचे स्वभावगुण म्हणजे धंदा सुरू करायला, टिकवायला आणि वाढवायला उपयोगी पडणारे, माणसाच्या अंगात बऱ्यापैकी मुरलेले कल आणि सवयी. पुढाकार, चिकाटी, आत्मविश्वास, रिस्क घ्यायची तयारी, नवीन काही करून बघायची खाज, ताण झेलायची ताकद ही नेहमीची नावं. अशा याद्या ढिगाने मिळतात, पण त्यात एक घोळ कायम असतो. माणसाला धंद्यात उडी मारायला लावणारे गुण आणि नंतर तो धंदा चालवायला लागणारे गुण यांची सरमिसळ केलेली असते, आणि संशोधन बघितलं तर हे दोन्ही बऱ्याच ठिकाणी वेगळे निघतात, काही वेळा तर एकमेकांना काटतात. आरंभशूर माणसं सगळ्याच क्षेत्रात असतात, धंद्यात त्यांची भरती जरा जास्तच होते एवढंच.

सुरुवातीचा विचार

हा विषय आधी अर्थशास्त्राचा होता, मानसशास्त्रवाले नंतर आले. रिचर्ड कँटिलॉन यांच्या १७५५ साली छापल्या गेलेल्या लिखाणात उद्योजक म्हणजे ठरलेल्या भावाला माल घेऊन न ठरलेल्या भावाला विकणारा माणूस, म्हणजे अनिश्चितता अंगावर घेणारा. फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये यात एक महत्त्वाचा फरक केला, ज्याची शक्यता मोजता येते ती रिस्क आणि जी मोजताच येत नाही ती अनिश्चितता, आणि नफा मिळतो तो या दुसऱ्या गोष्टीशी झुंजल्याबद्दल. जोसेफ शुंपीटर यांना उद्योजक हा जुनी घडी मोडणारा नवनिर्माता वाटत होता, तर इस्रायल कर्झनर यांनी १९७३ मध्ये मांडलं की त्याचा खरा गुण सजगपणा, म्हणजे बाकीच्यांच्या नजरेतून सुटलेली संधी दिसणं. गंमत म्हणजे आजही कुणी उद्योजकाचं वर्णन करायला बसलं की फिरून यातलंच एखादं चित्र समोर येतं.

यशाची आस

मानसशास्त्रात हा विषय मोठा केला तो डेव्हिड मॅक्लेलंड यांनी. १९६१ मध्ये त्यांनी मांडलं की काही लोकांना काम उत्तम करून दाखवायची आस इतरांपेक्षा जास्त असते आणि असे लोक उद्योजकतेकडे ओढले जातात. त्यांच्या कामातला रिंगा फेकायचा खेळ अजूनही सांगितला जातो. जमिनीवर एक खुंटी, हातात रिंगा, आणि किती लांबून फेकायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. काही जण खुंटीच्या डोक्यावरच उभे राहून रिंग टाकतात, चुकायचा प्रश्नच नाही. काही जण एकदम लांब जातात, लागली तर वाहवा आणि नाही लागली तर कुणाचीच लागली नसती. ज्यांची यशाची आस जास्त होती ते मधलं अंतर निवडायचे, जिथे नेम लागेल का नाही हे नशिबापेक्षा आपल्या हातावर जास्त अवलंबून असतं. आणि फेकल्याबरोबर लागलं का नाही ते दिसतं हेही त्यांना महत्त्वाचं, कारण अशा लोकांना निकाल लगेच कळावा लागतो, वर्षभराने कुणीतरी पाठ थोपटून चालत नाही.

मॅक्लेलंड नुसतं मोजून थांबले नाहीत, ही आस शिकवता येते असं त्यांचं म्हणणं होतं. १९६० च्या दशकात त्यांनी आंध्र प्रदेशातल्या काकिनाडा इथल्या छोट्या व्यावसायिकांना छोटं ट्रेनिंग दिलं आणि नंतर ते लोक न शिकलेल्यांपेक्षा धंद्यात जास्त सक्रिय झालेले दिसले. त्या काळाच्या मानाने ही कल्पना धाडसीच, कारण स्वभाव बदलत नाही अशीच सगळ्यांची समजूत. या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली, पण तो धागा नंतर इतरांनी उचलला, ते खाली येईलच.

आपल्या हातात किती

ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये एक मोजपट्टी दिली, आपल्या आयुष्यात जे घडतं ते आपल्यामुळे घडतं असं माणसाला वाटतं का नशीब आणि बाहेरच्या परिस्थितीमुळे, हे त्यातून कळतं. उद्योजक साधारणपणे पहिल्या गटाकडे झुकलेले दिसतात. अल्बर्ट बँड्युरा यांची १९७७ ची कल्पना याच्या शेजारचीच पण जास्त नेमकी आहे, ‘हे ठरावीक काम मला जमेल’ हा विश्वास. मला तर ही दुसरीच कल्पना धंद्यात जास्त कामाची वाटते, कारण ‘मी काहीही करू शकतो’ असं म्हणणाऱ्याला पहिला ग्राहक फोनवर नाही म्हणाला की काय करायचं ते सुचेलच असं नाही, पण ‘मला विकता येतं’ असं अनुभवातून वाटणारा माणूस दुसरा फोन लावतो.

पाच मोठे घटक आणि मॅनेजरशी तुलना

आजचं मानसशास्त्र स्वभाव पाच घटकांत मोजतं: नवेपणाची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, सामावून घेण्याची वृत्ती आणि मन लवकर अस्वस्थ होणं. हाओ झाओ आणि स्कॉट सायबर्ट यांनी २००६ मध्ये बरेच जुने अभ्यास एकत्र करून उद्योजक आणि नोकरदार मॅनेजर यांची तुलना केली. उद्योजक नवेपणाच्या ओढीत आणि काटेकोरपणात वर, अस्वस्थतेत खाली, आणि सामावून घेण्यातही खाली. बहिर्मुखतेत मात्र फारसा फरक नाही, म्हणजे उद्योजक म्हटलं की बोलबच्चन माणूसच पाहिजे हा समज इथे गळून पडतो. अजून एक बारकावा असा की काटेकोरपणाचे दोन भाग केले, एक यशाची आस आणि दुसरा शिस्तशीर भरवशाचा स्वभाव, तर फरक पहिल्यात सापडला, दुसऱ्यात नाही. वेळेवर फाईल पूर्ण करणं मॅनेजरलाही तितकंच येतं.

सामावून घेण्यात कमी असणं हे ऐकायला वाईट वाटतं, पण भावात घासाघीस करताना, उधारी वसूल करताना किंवा पटत नसलेल्या पार्टनरला नाही म्हणताना त्याचा फायदा होतो. तोटाही तिथेच, कारण टीम टिकवायची असली की सतत ताठ राहून चालत नाही. रॉस लेव्हाइन आणि योना रुबिनस्टाइन यांच्या २०१७ च्या अमेरिकन आकडेवारीवरच्या अभ्यासात तर असं निघालं की कंपनी नोंदवून धंदा करणारे लोक पौगंडावस्थेत बुद्धीच्या चाचण्यांत पुढे होते आणि नियम मोडायच्या उचापतींतही पुढे होते. हे दोन्ही एकत्र हवं बरं का, नुसतं दुसरंच असेल तर वेगळीच कारकीर्द होते.

रिस्क

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. उद्योजक म्हणजे जुगारी, सगळं पणाला लावणारा, हे चित्र मुलाखतींमधून आणि भाषणांमधून इतकं पसरलंय की नोकरी न सोडणाऱ्याला लोक सीरियसच घेत नाहीत. झाओ, सायबर्ट आणि टॉम लंपकिन यांनी २०१० मध्ये पुन्हा जुने अभ्यास एकत्र केले तेव्हा रिस्क घ्यायची आवड धंदा सुरू करायच्या इच्छेशी जोडलेली सापडली, पण धंद्याच्या कामगिरीशी तिचा संबंध दिसला नाही. म्हणजे रिस्कची आवड तुम्हाला दारापर्यंत आणते, आत गेल्यावर तिचा उपयोग होईलच याची गॅरंटी नाही.

उदाहरणंही तसंच सांगतात. फिल नाइट यांनी १९६४ मध्ये बूट विकायची कंपनी भागीदारीत सुरू केली, तीच पुढे नायकी झाली, पण पुढची बरीच वर्षं ते हिशेबनीस म्हणून आणि मग कॉलेजात शिकवून पगार कमवत होते, १९६९ मध्ये कुठे पूर्णवेळ कंपनीत आले. स्टीव्ह वॉझनियाक १९७६ मध्ये ॲपल सुरू झाल्यावरही काही काळ ह्युलेट पॅकार्डची नोकरी धरून होते. जोसेफ राफी आणि जी फेंग यांनी २०१४ मध्ये दाखवलं की नोकरी सांभाळून धंदा सुरू करणाऱ्यांचा आणि मग त्यात पूर्णवेळ उतरणाऱ्यांचा धंदा बंद पडायचा धोका, एकदम नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी होता. हातचं सोडून पळत्याच्या मागे न लागण्यात भित्रेपणा शोधायची गरज नाही.

सारस सरस्वती यांनी २००१ मध्ये मांडलेला विचारही इथेच येतो. अनुभवी उद्योजक कसा विचार करतात हे बघताना त्यांना दिसलं की हे लोक ‘यातून किती मिळेल’ यापेक्षा ‘बुडालं तर किती जाईल आणि तेवढं मला परवडेल का’ असा हिशेब आधी करतात. अंथरूण पाहूनच पाय पसरायचे, फक्त रोज थोडे जास्त. हातात जे आहे, ओळखीचे जे आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करायची आणि ध्येयसुद्धा वाटेत बदलू द्यायचं.

आशावाद

आर्नल्ड कूपर आणि सहकाऱ्यांच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २,९९४ नव्या उद्योजकांना विचारलं होतं, तुम्ही यशस्वी व्हायची शक्यता किती? ८१ टक्के लोकांनी दहापैकी सात किंवा जास्त सांगितली, आणि ३३ टक्के लोकांनी चक्क दहापैकी दहा. आपल्यासारख्या दुसऱ्या धंद्यांना मात्र त्यांनी एवढे मार्क दिले नाहीत. एवढा आशावाद नसता तर निम्म्या लोकांनी सुरुवातच केली नसती हे खरं, पण कीथ हमिलेस्की आणि रॉबर्ट बॅरन यांच्या २००९ च्या अभ्यासात संस्थापकाचा आशावाद जितका जास्त तितकी नव्या कंपनीची कामगिरी कमी असं उलटं नातं निघालं. कारण समजायला अवघड नाही, अति आशावादी माणूस खर्च आधी करतो, वाईट बातमी उशिरा ऐकतो आणि कॅश संपत आली तरी ‘पुढच्या महिन्यात ऑर्डर येतेय’ म्हणत बसतो.

चिकाटी

जेम्स डायसन यांनी पिशवी नसलेला व्हॅक्यूम क्लीनर जमवायला ५,१२७ नमुने केले, शेवटचा चालला. ही गोष्ट चिकाटीवरच्या प्रत्येक भाषणात येते. पण नीट बघितलं तर प्रत्येक नमुन्यात ते थोडंसंच काहीतरी बदलून काय होतं ते बघत होते, म्हणजे ध्येय धरून ठेवलं होतं आणि मार्ग सतत सोडत होते. तोच नमुना ५,१२७ वेळा केला असता तर त्याला हेका म्हणाले असते. शिवाय अशीच चिकाटी दाखवून घरदार घालवलेले लोक भाषणाला बोलावले जात नाहीत, त्यामुळे यशस्वी लोकांकडे बघून काढलेली गुणांची यादी नेहमी एकांगी असते.

शिकता येतात का

जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांवरून उद्योजकतेकडे असणारा कल काही प्रमाणात आनुवंशिक दिसतो. तरी सगळं जन्मजात म्हणायला जागा नाही, कारण टोगो देशाची राजधानी लोमे इथला प्रयोग. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १,५०० छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीचं बिझनेस ट्रेनिंग मिळालं, हिशेब, मार्केटिंग वगैरे. दुसऱ्याला पुढाकाराचं ट्रेनिंग: कुणी सांगायची वाट न बघता सुरुवात करणं, पुढचा विचार करणं, अडलं तरी वाट काढणं. तिसऱ्याला काहीच नाही. दोन वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा केल्यावर पुढाकार शिकलेल्यांचा नफा तिसऱ्या गटापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेला दिसला, नेहमीच्या ट्रेनिंगचा सुमारे ११ टक्के, आणि तोही संख्याशास्त्राच्या कसोटीला खात्रीने उतरला नाही. या प्रयोगातले मायकेल फ्रेझे यांनी आंद्रेआस राऊख यांच्यासोबत २००७ मध्ये दाखवलं होतं की उद्योजकाच्या कामाशी थेट जोडलेले गुण, उदा. पुढाकार, स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास, नवं करायची वृत्ती, ताण सोसणं, स्वायत्ततेची गरज, हे यशाशी जुळतात, आणि बाकीचे सर्वसाधारण गुण कमी जुळतात. जुळणी मध्यमच आहे, म्हणजे नुसत्या स्वभावचाचणीवरून कुणाचा धंदा चालेल हे सांगणं अवघडच.

टीका

विल्यम गार्टनर यांनी १९८८ मध्ये ‘उद्योजक कोण असतो’ हा प्रश्नच चुकीचा आहे, तो काय करतो ते बघा असं स्पष्ट म्हटलं आणि या क्षेत्रात बरीच खळबळ झाली. किराणा दुकान, औषधाची कंपनी आणि सॉफ्टवेअर स्टार्टअप यांना एकच स्वभाव चालेल हे मुळात पटण्यासारखं नाही. वयाचा मुद्दाही याच टीकेला जोर देतो. पियर अझूले आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अमेरिकेतल्या सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या, हजारात एक अशा नव्या कंपन्यांचे संस्थापक तपासले तेव्हा सुरुवातीच्या वेळचं त्यांचं सरासरी वय ४५ निघालं, आणि त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांना मोठं यश मिळायची शक्यता बाहेरून आलेल्यांपेक्षा बरीच जास्त होती. विशीतल्या धडाडीच्या मुलांवर पैसे लावणाऱ्या गुंतवणूकदारांना हा आकडा फारसा आवडत नाही.